दोन्ही भोकांत फेज

सॉफ्टवेअरवाल्याला सासरी एक त्रास कायम असतो. तिथे 'इंजिनियर' हा शब्द अखंड वापरला जातो, त्याला शाखा-बिखा नसतात. प्रिंटर, डिश अँटेना, मिक्सर, झालंच तर शेजाऱ्यांच्या मोटारसायकलचं सेल्फ... सगळं आपल्याच खात्यात. बहुतेक वेळा "बंद करून परत चालू करा" या मंत्रावर भागतं. गेल्या मे महिन्यात धरमतरला जो प्रॉब्लेम निघाला त्यावर मात्र हा मंत्र चालला नाही, आणि मला तो अजून डोक्यातून जात नाहीये. म्हणून या शनिवारचा कोटा त्याला.

ज्यांना धरमतर माहीत नाही त्यांच्यासाठी: पेणहून वडखळ, वडखळला अलिबागचा फाटा, आणि मग अंबा नदीच्या खाडीवरचा पूल. अलिबागला वीकेंडला जाणारे सगळे जण हा पूल ओलांडतात आणि कुणीही तिथे थांबत नाही. पूर्वी मुंबईहून बोटी इथे लागायच्या. आजूबाजूला खारजमीन, मिठागरं, कांदळवन. रात्री डोलवीच्या पोलाद कारखान्याचा उजेड आकाशात दिसतो. हवेत मीठ इतकं की दाराची कडी दोन पावसाळ्यांत गंजते. हे भूगोलाचं वर्णन उगाच नाही, या गोष्टीतला खरा व्हिलन मीठ आहे. (अर्धा हीरोपण तोच आहे. पुढे येईलच.)

तर झालं असं की मागच्या स्वयंपाकघरातला फ्रीजचा बोर्ड गेला. फ्रीजमध्ये रविवारच्या पाहुण्यांसाठी आणलेला अख्खा जिताडा. ज्यांनी पेण-अलिबागकडचा तलावातला जिताडा खाल्लाय त्यांना परिस्थितीचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. वर मे महिना.

सासऱ्यांनी माझ्या आधीच बेसिक तपासणी केली होती. एमसीबी पडलेला नव्हता. स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट चालू होता. फ्रीजचा प्लग शेजारच्या सॉकेटमध्ये घालून बघितला, तिथेही नाही. मग त्यांनी टेस्टर लावला. आपल्याकडच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. उजव्या भोकात टेस्टर पेटला. ठीक. डाव्या भोकात लावला... तिथेही पेटला!

"जावईबापू, दोन्ही भोकांत फेज येतेय. डबल लाइट आहे आणि फ्रीज चालत नाही. हे काय गौडबंगाल?"

आता इथे जरा थांबून टेस्टर काय करतो ते बघू, कारण घरोघरी तो असतो आणि घरोघरी त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास असतो. टेस्टरच्या दांड्यात एक छोटा निऑनचा दिवा आणि एक मोठा रेझिस्टर असतो. आपण मागच्या टोपीला बोट लावतो तेव्हा तारेतून, दिव्यातून, आपल्या अंगातून जमिनीत अगदी इवलासा करंट जातो, एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी. तेवढ्यावर निऑन पेटतो. म्हणजे टेस्टर एवढंच सांगतो की या टोकाला जमिनीच्या मानाने व्होल्टेज आहे. या टोकातून फ्रीज चालेल इतका करंट जाऊन परत येऊ शकतो का, हे तो सांगत नाही. आपल्या भाषेत: सर्व्हरला पिंग जातंय, पण पेज उघडत नाही. अशा वेळी आपण "सर्व्हर चालू आहे" म्हणत नाही ना? (मॅनेजर म्हणतात, तो भाग वेगळा :-) )

दोन्ही भोकांत टेस्टर पेटण्याचं कारण डबल लाइट नाही. न्यूट्रल तुटलेला असतो. फेज उजव्या भोकापर्यंत व्यवस्थित येते. त्याच लाइनवर कुठेतरी एखादं उपकरण बटण चालू ठेवून लावलेलं असतं. फेज त्या उपकरणात शिरते, पलीकडच्या न्यूट्रलच्या तारेत उतरते आणि पुढे रस्ता बंद असल्यामुळे तिथेच अडकून बसते. त्या तुकड्यावरची न्यूट्रलची प्रत्येक तार मग फेजसारखी वागायला लागते. बॅगेत मल्टिमीटर असतोच (कुणाच्या बॅगेत पर्फ्युम असतो, माझ्या बॅगेत हा). फेज आणि अर्थिंगमध्ये २३१ व्होल्ट. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २२९. आणि फेज-न्यूट्रलमध्ये, जिथे २३० हवेत, तिथे जेमतेम दोन.

मी फ्रीजचा प्लग काढला. डाव्या भोकात टेस्टर अजून पेटतोय. मिक्सर काढला. पेटतोय. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देवघरातला लाल दिवापण कालपासून बंद आहे. मला वाटलं बल्ब गेला."

हे वाक्य लाखमोलाचं होतं! काय बंद पडलं यापेक्षा 'आणखी काय काय बंद पडलं' हा प्रश्न नेहमी जास्त कामाचा. देवघरातल्या त्या झिरोच्या बल्बचं बटण चालूच होतं. ते बंद केलं, आणि स्वयंपाकघरातल्या डाव्या भोकातला टेस्टर विझला.

सासऱ्यांना हा जादूचा प्रयोग वाटला. मला मात्र जरा घाम फुटला. बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं. म्हणजे कुणी स्वयंपाकघरातलं बटण बंद करून, "आता काही भीती नाही" म्हणून सॉकेट उघडून डाव्या स्क्रूला हात लावला असता, तर देवघरातल्या दिव्यातून आलेली वीज त्याच्या अंगातून गेली असती. झिरोचा बल्ब म्हणतात, पण जुना असेल तर तो पंधराएक वॅटचा असतो. ओल्या हाताने हिशोब केला तर चाळीसेक मिलिअँपिअर. तीस मिलिअँपिअरच्या वर हृदयाचा भरवसा देता येत नाही. घरात सेफ्टी स्विच काढताना तीसचा काढतात तो म्हणूनच. त्यामुळे पहिला नियम: सॉकेट उघडायचं तर मेन स्विच खाली. बोर्डावरचं बटण नव्हे, एमसीबीपण नव्हे, मेन.

एवढ्यात शेजारचे नाना आले. नाना सत्तरीच्या पुढचे. रीतसर वायरमन नाहीत, पण आळीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. त्यांनी येताना आपला टेस्ट लॅम्प आणला होता: होल्डर, त्यात शंभरचा बल्ब, आणि दोन लांब वायरी. त्यांनी एक वायर फेजला लावली, एक न्यूट्रलला. काही नाही. मग दुसरी वायर अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. माणसाने मीटरशिवाय तीस सेकंदांत तेच निदान केलं जे मी वीस मिनिटांत केलं होतं. मानलं.

"फेज हाय, अर्थिंग झकास हाय, न्यूट्रल गेलाय," नाना म्हणाले. "पाच मिन्टाचं काम. अर्थिंगवरनं एक तुकडा न्यूट्रलला मारून देतो. फ्रीज चालू."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. जिताडा वाचणार होता.

आणि हे चालतंही! तीच तर पंचाईत आहे. ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. त्यामुळे घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून करंट मातीत उतरतो आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मिठाचे थर का घालतात? ओली खारट माती वीज चांगली वाहून नेते म्हणून. धरमतरला तर जमीनच खारी, निम्मं मीठ देवाने आधीच घालून ठेवलंय. देशावर जो जुगाड लंगडत चालेल तो इथे पावसाळ्यात टकाटक चालतो. बल्ब लख्ख पेटतो, आणि लख्ख पेटलेल्या बल्बशी वाद घालणं फार अवघड असतं.

मी म्हटलं, आज रात्रीपुरतं माजघरातल्या चालू सॉकेटवरून तीन पिनांच्या एक्स्टेंशनने फ्रीज लावू, बाकीचं सकाळी. फ्रीज घुरघुरायला लागला. नाना "बरं" म्हणाले, पण त्यांना ते विशेष पटलेलं दिसलं नाही.

ते गेल्यावर सासूबाई भांडी आवरता आवरता सहज म्हणाल्या, "मोटरपण तशीच लावलीय ना हो नानांनी? वादळात." आणि पुढे, "म्हणून का काय कोण जाणे, मोटर चालू असली की मोरीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. मे महिन्यात जास्त."

त्या रात्री मला काही नीट झोप लागली नाही.

सकाळी मी मोटर चालू करून मोजलं. माजघरातल्या चांगल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मोटर बंद असताना एक व्होल्टसुद्धा नव्हता. मोटर चालू केली, ३४ व्होल्ट! अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर साधारण तीन अँपिअर घेते. ते तीन अँपिअर न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या पाइपातून जमिनीत जात होते, म्हणजे खड्ड्याचा रेझिस्टन्स अकराएक ओहम. आणि घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या तारा त्याच पाइपाला जोडलेल्या. म्हणजे मोटर चालू असताना फ्रीजचं दार, गिझर, मिक्सरची बॉडी, मोटरला लागलेला लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाचा नळ हे सगळं ३४ व्होल्टवर. कोरड्या जागी ५० व्होल्टपर्यंत स्पर्श चालवून घेतला जातो, ओल्या जागी २५. मोरी म्हणजे ओली जागा, ओले हात, अनवाणी पाय.

मे महिन्यात जास्त का? खड्डा सुकतो. रेझिस्टन्स वीस ओहम झाला की साठेक व्होल्ट. हे फक्त मोटरचं. त्यात अर्थिंगवर फ्रीज वाढवला असता तर त्याचाही करंट तिथूनच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मीठ जसं माती वाहती करतं तसंच ते पाइप खातं. ज्या दिवशी गंजून पाइपाची जोडणी सुटेल, त्या दिवशी करंटला जमिनीकडे जायचा रस्ता उरणार नाही आणि घरातली प्रत्येक धातूची वस्तू पूर्ण २३० व्होल्टवर येईल. एमसीबी? त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी तीन अँपिअर हा किरकोळ करंट. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो.

टेक्निकल भाग इथे संपला. अवघड भाग पुढे होता. हे नानांना सांगायचं कसं?

कारण ते वादळ म्हणजे निसर्ग. ३ जून २०२०, दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. लॉकडाउनचे दिवस, जिल्हा ओलांडायला पास लागायचा. आम्ही पुण्यात, आणि फोन लागत नाही. रायगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. सासरच्या घराची मागची कौलं उडाली, माळ्यावर पाणी, वायरिंग भिजलेली. तेव्हा छपरावर चढून पत्रे बसवायला मदत करणारे नाना, वीज आल्यावर तुटलेल्या तारा जोडून देणारे नाना, मोटरचा न्यूट्रल सापडत नव्हता तर निदान पाणी तरी वर चढू दे म्हणून अर्थिंगवर लावून देणारेही नाना. एक पैसा घेतला नाही. आणि आता चार वर्षं उलटून गेल्यावर पुण्याहून येऊन मी त्यांना मल्टिमीटर दाखवणार?

सासरे म्हणाले, "त्यांना नका सांगू. वायरमन येईल तो गुपचूप बदलून जाईल." प्रेमाने म्हणाले ते. पण मला ते बरोबर वाटेना. आळीतली निम्मी घरं नानांच्या हातची आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मग मी नानांना चहाला बोलावलं आणि भाषण न देता त्यांच्याच हातात मीटरच्या दोन पिना दिल्या. एक अर्थिंगला, एक न्यूट्रलला. "काकी, मोटर लावा." ० चे ३४ झाले. "बंद करा." ३४ चे ०. नानांनी ते स्वतः तीन वेळा करून बघितलं. मग सासूबाईंना विचारलं, "वैनी, मुंग्या येतात? मना कधी बोलला नाय तुम्ही."

"किरकोळ आहे म्हटलं," सासूबाई म्हणाल्या.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, मेन खाली ओढला, आणि मोटरच्या बोर्डातला तो तुकडा स्वतःच्या हाताने काढून खिशात टाकला. दोन दिवस पाणी बादलीने भरलं सगळ्यांनी. मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते लिहिता येत नाहीये, राहू दे.

आता मूळ बग. कोडमध्ये चूक कुठल्या बदलाने आली हे शोधताना आपण मधोमध कापत जातो, तसंच. मेनपासून लाइन माजघर, देवघर, मागचं स्वयंपाकघर अशी जाते. माजघर चालू, देवघर बंद. म्हणजे बिघाड या दोघांच्या मध्ये. नानांनी डोळे मिटून आठवलं: "माळ्याखाली जॉइंट हाय. मीच मारलाय." शिडी लावली, मेन बंद असल्याची टेस्ट लॅम्पने खात्री केली (आधी चालू लाइनवर लॅम्प पेटतो का ते बघून, मग बंदवर. नानांची पद्धत, मी आता तीच वापरतो), आणि लाकडी पट्टीवरचा डबा उघडला.

आतमध्ये जुनी अ‍ॅल्युमिनियमची तार आणि वादळानंतरची नवी तांब्याची तार एकमेकांना पीळ देऊन वर काळी टेप. टेप वितळून डांबरासारखी झालेली. आत अ‍ॅल्युमिनियमच्या जागी पांढरी भुकटी. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र, वर खारी दमट हवा, म्हणजे तो बारकासा बॅटरीचा सेलच. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याचा ऑक्साइड वीज वाहून नेत नाही. जॉइंटला एक ओहमचा जरी अडथळा आला तरी दोन अँपिअरला चार वॅट उष्णता, एका टाचणीएवढ्या जागेत. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट. असं चार वर्षं दिवसातून वीस-पंचवीस वेळा तापत तापत शेवटी न्यूट्रलने मान टाकली होती.

खाली लाकडाची पट्टी कोळशासारखी काळी झाली होती. वर माळ्यावर वाळलेली लाकडं आणि गोणपाट.

आणि त्याच डब्यात, बोटभर अंतरावर, फेजचा जॉइंट. तसाच पीळ, तशीच टेप, निम्मी भुकटी झालेली. तो अजून चालत होता. न्यूट्रल अर्थिंगवरून घेतला असता तर फ्रीज चालू झाला असता, डबा कुणी उघडला नसता, आणि फ्रीजचा सगळा करंट या फेजच्या जॉइंटमधून जात राहिला असता. त्या काळ्या पट्टीवर, गोणपाटाखाली.

सोमवारी पेणहून लायसनवाला वायरमन आला. माझं काम निदानापर्यंत, जोडणीत मी हात घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. त्याने मागची पूर्ण लाइन तांब्याची ओढली, मध्ये एकही जॉइंट न ठेवता. मोटरला स्वतःचा न्यूट्रल दिला. अर्थिंगचा पाइप खणून काढला तर वरचा क्लॅम्प बोटाने तुटला. आणि मेनच्या पुढे तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हा डबा जाणारा आणि येणारा करंट सतत ताडून बघतो. जितका गेला तितका परत आला नाही, म्हणजे थोडा कुठेतरी जमिनीत किंवा माणसात गेला, की पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. नानांचा तुकडा पहिल्या दिवसापासून हा डबा असता तर मोटर सुरूच झाली नसती. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. सासूबाईंनी संकष्टीचा दिवस ठरवलाय, म्हणजे विसरायला नको. वायरमन काम करत होता तेव्हा नाना दिवसभर शेजारी स्टुलावर बसून बघत होते. मधूनमधून प्रश्न. तांबं-अ‍ॅल्युमिनियम जोडायचंच असेल तर वेगळा कनेक्टर मिळतो का, कुठे, कितीला.

(जिताडा रविवारीच झाला. उत्तम झाला होता.)

परवा सासऱ्यांचा फोन आला होता. नानांनी वादळानंतर अर्थिंगवर लावून दिलेल्या जोडण्या आठवून आठवून यादी काढली आहे. सात घरं निघाली. दर रविवारी वायरमनला घेऊन एकेका घरी जातात. चार झाली. दोन घरवाल्यांचं म्हणणं, चाललंय ना, मग कशाला खर्च. तिथे नाना मीटर घेऊन परत जाणार आहेत, माझाच मीटर, मी तिकडेच ठेवून आलोय. सातवं घर कुलूपबंद आहे, माणसं मुंबईला असतात, फक्त गणपतीला येतात. त्यांचा नंबर शोधणं चालू आहे.